आवक तारीख

सुलभा,

वाद अर्ध्यावर टाकून उठायची तुझी सवय कोल्हापूरच्या होस्टेलपासूनची. मी मुद्दा मांडत असायचे आणि तू मध्येच बादली उचलून आंघोळीला निघून जायचीस. परत आलीस की केस पुसत पुसत नेमकं तिथूनच पुढे बोलायला लागायचीस. त्यामुळे तुझ्या उठून जाण्याची मी कधी काळजी केली नाही. या वेळी केस पुसत कुणी परत आलेलं नाही, आणि मला तुझा राग आला आहे. भेटायला येणाऱ्या बायका हळू आवाजात दुःखाबद्दल विचारतात. दुःख आहे, ते त्याच्या जागी आहे. पण सकाळी डोळे उघडल्यावर आधी येतो तो रागच.

हे मी अनन्या आणि रोहनसाठी लिहून ठेवते आहे. माझी नातवंडं, एक क्युपर्टिनोला आणि एक अल्फारेटाला. मी इथे अमेरिकेतच, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, दोघांपासून विमानाच्या अंतरावर. त्यांना मराठी वाचता येत नाही, आईबाप वाचून दाखवतील. पण बोलणार आहे मी तुझ्याशीच, कारण भांडण तुझं-माझं आहे. गेले काही आठवडे मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. मी तुला पाठवलेलं शेवटचं पत्र तू वाचलंस की नाही.

मुलांना पहिल्यापासून सांगावं लागेल, तेवढं ऐकून घे. इथल्या ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांची एक खोली आहे. मी तिथे आठवड्यातून दोन सकाळी हौसेने काम करायचे, तेव्हा एका खोक्यात मला द्वारकाबाई सापडल्या. एकोणिसाव्या शतकातल्या, साताऱ्याकडच्या, विधवा. शिक्षिका व्हायचं म्हणून लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेलेल्या. तिथून त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका बाईंना वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. मजकूर इंग्रजीत, सही मात्र मोडीत. ती सही पाहून मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. ज्यांना पत्रं लिहिली त्या मिस अ‍ॅबिगेल. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा चालवायच्या, दारूबंदीसाठी गावोगाव भाषणं करायच्या. दोघींची भेट आयुष्यात एकदाच झाली, इंग्लंडमधल्या एका परिषदेत, तीन दिवस. बाकी सगळी मैत्री कागदावर.

पत्रावरचा पत्ता लेस्टरजवळच्या एका गावाचा होता आणि लेस्टरला तू होतीस. तू दोन बस बदलून तिथे गेलीस, तिथल्या जुन्या शाळेतलं कुलूपबंद कपाट उघडायला लावलंस आणि अ‍ॅबिगेलची उत्तरं शोधून काढलीस. म्हणजे मला मिळाल्या द्वारकाबाई आणि तुला अ‍ॅबिगेल. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस, "आपण विहिणी झालो की गं, इंदू. तू मुलीकडची. मी मुलाकडची, म्हणजे मी कशीही वागले तरी चालून जाईल."

आणि तशीच वागलीस.

मराठीत पुस्तक करायचं ठरलं. अनुवाद अर्धा-अर्धा, प्रस्तावना मी लिहायची. आणि एक नियम केला. शनिवारी फोन, त्यात गुडघे, भाज्या, सुना आणि हवा. पुस्तकाचं काही बोलायचं नाही. वाद असेल तो कागदावर, टपालाने. नियम तुझाच. फोनवर मी आवाज चढवते आणि तुझं डोकं चालेनासं होतं, असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, ठीक आहे. लेखी काम मला आवडतं. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी माझ्याकडून समास सोडून लिहून घेतलं ते आजवर सुटलेलं नाही. तू मला हेडमास्तरीण म्हणायचीस. मोठ्या पाकिटावर सुद्धा एकदा नावापुढे कंसात तसं लिहिलंस. इथल्या पोस्टमनला ते वाचता आलं नाही म्हणून मी वाचले.

सगळं गाडं अडलं ते एका जागी. अ‍ॅबिगेलला शाळेसाठी वर्गणी जमवायची होती. तिने द्वारकाबाईंना लिहिलं की हिंदुस्थानातल्या बायकांच्या हालांवर काही लिहून पाठव, आमच्या सभेत वाचून दाखवते, लोकांना पाझर फुटेल. द्वारकाबाईंनी साफ नकार दिला. माझ्या बहिणींचं दुःख ताटात घालून फिरवायला मी नाही, असा त्या पत्राचा भाव होता. त्यानंतर काही दिवसांतच द्वारकाबाईंची मुलगी तापाने गेली. ते कळवणारं पत्र पाच ओळींचं आहे. मी त्याचा अनुवाद सात वेळा केला आणि सातही वेळा मला तो लांब वाटला. आणि या पाच ओळींनंतर, आठवड्यानंतरच्या तारखेचं, अ‍ॅबिगेलचं पत्र येतं. चार पानी. तू उगाच मनाला लावून घेतेस, काम मोठं असतं, मानापमान बाजूला ठेवावे लागतात. मुलीबद्दल एक अक्षर नाही. मग द्वारकाबाईंकडून वर्षभर शांतता, आणि अ‍ॅबिगेलची त्या वर्षातली पत्रं तुझ्या कपाटात सापडली नाहीत.

प्रस्तावनेत मी लिहिलं की जगाची काळजी वाहणाऱ्यांना कधी कधी समोरचं माणूस दिसत नाही. मला ते वाक्य फार आवडलं होतं.

तुझं उत्तर आलं. ते मी आत्ता समोर ठेवलं आहे. "तुझी द्वारका आठवड्यापूर्वी लिहिते म्हणजे माझ्या अ‍ॅबिगेलला आठवड्यात कळतं का? मधे समुद्र आहे, हेडमास्तरीण. तुझ्या फाइलीत समुद्र कुठे आहे?" तुझं म्हणणं असं की पत्र ही एक घटना नसते, दोन असतात. लिहिलं ती एक, पोचलं ती दुसरी. म्हणून पुस्तकात सगळी पत्रं तारखेनं एका रांगेत लावायची नाहीत. दोन टेबलं मांडायची. द्वारकाबाईंच्या टेबलावरून काय गेलं, काय आलं. अ‍ॅबिगेलच्या टेबलावरून काय गेलं, काय आलं. लग्नाआधी तीन वर्षं तू कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसली होतीस, आलेल्या प्रत्येक कागदावर आवक तारीख आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची जावक नोंद, आणि ते तुझ्या अंगातून कधी गेलंच नाही. तुझ्या घरी आलेल्या लग्नपत्रिकेवर सुद्धा कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख असायची.

मी कळवलं की समुद्र मलाही ठाऊक आहे. पण जहाजं काय, सहा-सात दिवसांतही पोचायची. बातमी पोचली असूनही अ‍ॅबिगेलने असं लिहिलं नसेल कशावरून? पुरावा दे.

तू पुरावा माझ्याकडेच मागितलास. लिहिलंस, अ‍ॅबिगेलला आलेली पत्रं तुझ्या गावात आहेत. जी बाई शाळा चालवते ती आलेल्या कागदावर आवक तारीख घातल्याशिवाय राहील का? जा आणि मूळ पत्रं बघ. झेरॉक्स नको, मूळ बघ.

इथे मला थोडं थांबावं लागतं आहे.

जानेवारी होता. बर्फ पडून गोठलेलं, बसस्टॉपपर्यंत चालायचं म्हणजे काठी टेकत अर्धा तास. आणि माझ्याकडे सगळ्या पत्रांच्या झेरॉक्स प्रती होत्या, काही वर्षांपूर्वी केलेल्या, भोकं पाडून, रंगीत कागदांनी वेगळ्या करून, तीन जाड बाइंडरमध्ये. मी ते बाइंडर काढले आणि पानन् पान चाळलं. आवक तारीख कुठेही नव्हती. काही पत्रांच्या कोपऱ्यात पुसटसे दोन आकडे आणि मध्ये रेघ होती, पण ते ग्रंथालयाचे नोंदणी क्रमांक आहेत हे मी पहिल्याच वर्षी ठरवून वहीत लिहून ठेवलं होतं. कुणाला विचारून नव्हे. ठरवून.

आणि मी तुला पत्र लिहिलं. मी मूळ पत्रं तपासली आहेत, असं लिहिलं. तपासली नव्हती. पुढे लिहिलं की तुझ्या कपाटात अ‍ॅबिगेल निघाली म्हणून तुला ती चांगली हवी आहे, तुझ्याकडे द्वारकाबाई निघाल्या असत्या तर तू त्यांची बाजू घेतली असतीस, तुला मत नसतं, बाजू असते. आणि शेवटी, प्रस्तावना आहे तशी छपाईला पाठवते आहे. तिकीट लावलं, बर्फातून चालत जाऊन पेटीत टाकलं. त्या दिवशी मला चालवलं, बघ.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी फोन वाजला तो निखिलचा. "इंदूमावशी, आई गेली," म्हणाला. तुझा मुलगा शहाणा आहे. एवढंच म्हणाला आणि माझ्या बोलण्याची वाट बघत राहिला. मी त्याला विचारलं की टपाल आलं होतं का. आईच्या मरणाची बातमी सांगणाऱ्या मुलाला मी टपालाबद्दल विचारलं. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून बिचाऱ्याने परत सांगितलं.

दोन आठवड्यांनी पुण्याच्या प्रकाशकांना मुखपृष्ठासाठी एका मूळ पत्राचा फोटो हवा झाला. बर्फ वितळला होता. मी ग्रंथालयात गेले, खोकं मागवलं, आणि मोडी सही स्पष्ट दिसते असं पत्र शोधू लागले. ते नेमकं पाच ओळींचं पत्र निघालं. कोपऱ्यात ते दोन आकडे होते, पेन्सिलीचे. त्यांच्या खाली, झेरॉक्स यंत्राला कधीच दिसली नव्हती अशी, अगदी फिकट एक ओळ होती. अक्षर मिस अ‍ॅबिगेलचं. तू पाठवलेल्या प्रतींवरून ते अक्षर मला झोपेतही ओळखता येईल. मराठीत सांगायचं तर, माझं पत्र निघून गेल्यावर आलं.

मी सगळी पत्रं काढली. प्रत्येकावर आकडे होते. महिना आणि दिवस. आवक तारीख, सुलभा. शाळा चालवणारी बाई. पाच ओळींचं पत्र अ‍ॅबिगेलच्या टेबलावर आलं तेव्हा तिची चार पानं सहा दिवसांपूर्वीच जहाजावर चढली होती. तिला ती परत बोलावता आली नाहीत. आणि द्वारकाबाईंच्या टेबलावर ती चार पानं आली तेव्हा घरात मुलीचे बूट अजून दाराशी असतील. अ‍ॅबिगेल दुष्ट नव्हती आणि तरीही द्वारकाबाईंना ते पत्र सोसावं लागलं. दोन टेबलं. तू म्हणत होतीस तसं.

खोलीतल्या बाईंनी मला पाणी आणून दिलं. इतकं काही झालेलं नव्हतं, पण त्यांनी आणलं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर अनन्याच्या आईने तिला सांगितलं असावं की आजीला बरं वाटत नाहीये. अनन्याने मला सगळं विचारून घेतलं. वकील होणार आहे ती. मग म्हणाली, "बट आजी, व्हाय डिडन्ट यू जस्ट कॉल हर?" मी तिला नियम सांगितला. शनिवारी गुडघे, वाद टपालाने. ती इंग्रजीतच म्हणाली की हा नियम फारच वेडगळ आहे. तुझ्या-माझ्या वयाचं कुणी असं तोंडावर म्हणालं नसतं. मी तिला रागावले नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर हा सगळा मजकूर आहे, आणि इथवर येऊनही ते मला नीट देता आलेलं नाही.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. फोनवरही नाही आणि कागदावरही नाही. या गावात आम्ही नवे होतो तेव्हा शेजारच्या बाईंनी मला त्यांच्या महिला मंडळात बोलायला नेलं होतं. विषय, भारतातल्या स्त्रिया. मी इरकल नेसून गेले. पहिली दहा मिनिटं मी आपल्या कॉलेजबद्दल बोलले, आपल्या होस्टेलबद्दल, तुझ्याबद्दलही. बायका चहाचे कप न्याहाळत होत्या. मग मी आमच्या मोलकरणीचं सांगायला लागले, तिच्या नवऱ्याचं, तिच्या मेलेल्या मुलांचं, आणि सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. मला ते कळलं आणि मी आणखी थोडं वाढवून सांगितलं. शेवटी सगळ्या उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवल्या, एका बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ती मोलकरीण माझ्याशी कशी बोलायची, कसली थट्टा करायची, यातलं मी काहीच सांगितलं नाही. घरी येऊन साडी घडी घालून ठेवली, पुन्हा कधी नेसले नाही.

द्वारकाबाईंचं नकाराचं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती खोली आठवली. मला जे जमलं नाही ते या बाईने केलं होतं. त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या कुणालाही मी सोडणार नव्हते. मग ती अ‍ॅबिगेल असो की तू. तुला मत नसतं, बाजू असते, हे मी तुला लिहिलं. ते वाक्य माझं वर्णन आहे.

तुला हे सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, ते मी किती तरी वेळा मनात बोलून बघितलं. मला तुझा आवाज करता येत नाही. पहिलं वाक्य येतं, पुढे माझंच सुरू होतं. हाच तर सगळा त्रास आहे. तुझी बाजू मला पाठ आहे, पण तू नेमकी जिथे मला अडवायचीस ती जागा मला स्वतःला सापडत नाही.

आणि आभार मानायचे राहिले आहेत, तेही याच पत्रात उरकते, कारण दुसरं पत्र नाही. हे गेले तेव्हा तू सलग अडीच महिने दर सोमवारी मला एक पत्र टाकलंस. एकातही सांत्वन नव्हतं. मेथीचा भाव, शेजाऱ्याचं मांजर, तुझ्या बागेतल्या बटाट्यांना लागलेली कीड. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. शेवटी मी तुला फोन केला तर तू म्हणालीस, "बटाटे वाचले." बाकी काही नाही. माझ्या गप्प बसण्याचा तू कसलाच अर्थ लावला नाहीस. मी मात्र प्रस्तावनेत द्वारकाबाईंच्या एका वर्षाच्या शांततेवर अडीच पानं लिहून मोकळी झाले.

परवा निखिलचं पार्सल आलं. तुझ्या फाइली, अ‍ॅबिगेलच्या प्रती, मी पाठवलेली सगळी पत्रं वर्षांप्रमाणे रबर लावून. मी एकेक रबर काढत शेवटाकडे गेले. सगळ्यात खाली माझं शेवटचं पाकीट होतं. कोपऱ्यात पेन्सिलीने तुझी आवक तारीख होती, गुरुवारची. तू शनिवारी गेलीस.

पाकीट बंद होतं.

मोठी पाकिटं तू रविवारी उघडायचीस, चहा झाल्यावर, चष्मा पुसून, उत्तराचा कागद शेजारी घेऊन. हे मला माहीत होतं, पण मी ते विसरले होते. तुझ्या टेबलावर ते दोन दिवस पडून होतं, तारीख घातलेलं, न उघडलेलं. तू जाताना तुझ्या मनात मी खोटं बोलले नव्हते. तुझ्या लेखी मी अजून बर्फ वितळण्याची वाट बघत होते, मग मूळ पत्रं बघायला जाणार होते.

मला हायसं वाटायला हवं होतं. अर्धा दिवस वाटलंही. मग पुन्हा राग आला. कारण तू बरोबर होतीस हेही तुला कळलं नाही. अ‍ॅबिगेलची ती फिकट ओळ तू पाहिली असतीस तर शनिवारचा नियम तोडून मला फोन केला असतास, आणि तासभर मला बोलू दिलं नसतंस. तो फोन मला हवा होता. हरण्यातला तेवढा भाग माझ्या हक्काचा होता.

प्रकाशकांना कळवलं आहे की प्रस्तावना परत पाठवा. पत्रं दोन टेबलांवर लावते आहे. वेळ लागेल, कारण प्रत्येक पत्र दोनदा येतं, एकदा गेलेलं, एकदा आलेलं, आणि मला एका रांगेची सवय आहे. मग वाटलं, आपलंही तसंच लावून बघावं. वही घेतली, मधोमध रेघ मारली. एका बाजूला तू, एका बाजूला मी. ते शेवटचं पत्र मला माझ्या एका रांगेत कुठेच ठेवता येत नव्हतं. तुझ्या पद्धतीने ते बसलं. माझ्या टेबलावरून ते गेलेलं आहे, त्यातलं खोटं मी लिहिलेलं आहे, ते पुसता येत नाही. तुझ्या टेबलावर ते आलेलं आहे, पण वाचलेलं नाही. दोन्ही खरं आहे. पाकीट मी तसंच बंद ठेवलं आहे. अनन्याला हवं तर ती पुढे कधी तरी उघडेल.

त्याच्या खाली आता या पत्राची ओळ घालते आहे. जावक तारीख, आजची. आवक तारखेच्या घरात काही लिहिलेलं नाही.